नोकरी सोडण्याचे कारण

वेंगुर्ले
८ ऑगस्ट २००२

ती. गुरुदासमामा,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघे सोडून. तुम्ही पाठवलेली कोकमाची सोलं पोचली.

मुद्द्याचं लिहिते. ओरोसला बायकांची एक संस्था आहे. कोकम, आवळा, फणसाचे तळलेले गरे असा माल करून विकतात. त्यांना भांडारावर बाई हवी आहे. माल आत घ्यायचा, वहीत लिहायचा, कुलूप लावायचं, किल्ली सांभाळायची. माझंच काम. अर्जाचा छापील नमुना आणला. नाव, जन्मतारीख, शिक्षण सगळं भरून झालं आणि अकराव्या रकान्यापाशी पेन थांबलं, त्याला आज चार दिवस झाले. ‘यापूर्वीची नोकरी, कालावधी व ती सोडण्याचे कारण.’ कारणासाठी दीड ओळ जागा ठेवली आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तुम्ही तिथे होतात. तरी एकदा कागदावर उतरवून बघते, म्हणजे दीड ओळीत काय मावतं ते कळेल.

कारखान्याचे मालक भाई तुमचे विद्यार्थी. तुमच्या शब्दावर त्यांनी मला काजूच्या कारखान्यात घेतलं. आधी काही महिने सोलण्यावर, मग निवडीच्या खोलीवर, अशी साडेतीन वर्षं मी तिथे होते. अख्खा गर वेगळा, तुकडा वेगळा, डागी वेगळा. बायका निवडत, मी तपासून डबे भरून घेत असे आणि खोली बंद करत असे. गेल्या मार्चात अख्ख्या गराचे डबे कमी भरले. किल्ली पाच जणांच्या हातांतून जायची. भाई पोलिसांत गेले नाहीत. म्हणाले, “आपल्या माणसांक पोलीस कित्याक? देव सांगात काय तां.” मग त्यांच्या गावच्या देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मानकऱ्याने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालून एकेकाचं नाव विचारायचं. उजवी पडली तर चोर तो, डावी पडली तर सुटला. गावचे मानकरी आजारी होते म्हणून गाऱ्हाणं तुम्हीच घातलंत. चार नावांना डावी पडली. माझ्या नावाला उजवी.

कोणी मला चोर म्हटलं नाही. भाई एवढंच म्हणाले, “बाय, उद्यापासून येव नको. देवाच्या फुडे माझा काय चालता?” पुढे अनुभवाचा दाखला मागायला गेले तर फाटकावरच सांगितलं, भाई नाहीत. भाई आत होते, त्यांची चप्पल दिसत होती.

आता सांगा, ‘देवाने काढले’ असं लिहू का?

माझ्याबरोबरची सुगंधा अजून तिथेच कामाला आहे. ती म्हणते, घरगुती अडचण लिही आणि गप्प बस. मागच्या मालकाबद्दल वाईट बोलू नको, विचारलं तेवढंच सांग. वेंगुर्ल्यात तीन ठिकाणी मी खरं सांगून बघितलं. एका ठिकाणी चहा दिला, दोन ठिकाणी तोही नाही. ओरोसमध्ये कोणाला काही माहीत नाही, म्हणून ओरोस. आईला आता मासळीची टोपली डोक्यावर घेववत नाही. हे काम मला मिळायलाच हवं.

तुम्ही शब्दांतले जाणकार. दीड ओळ सांगा. शिवाय दोन प्रतिष्ठित माणसांची शिफारसपत्रं लागतात. त्यातलं एक तुमचं. आडनाव वेगळं आहे, चालेल. दोनच ओळी लिहा, मामा. हिला लहानपणापासून ओळखतो, वागणूक चांगली आहे. दोनच.

तुमची
जान्हवी


मिठबाव
१७ ऑगस्ट २००२

चि. जान्हवी,

तुझे पत्र ओटीवर बसून वाचले. पुढ्यात माडांची रांग, तिच्यापलीकडे खवळलेला दर्या, आणि हातात तुझे ते टपोरे, उभे अक्षर. मन एकदम मागे गेले. मे महिन्याच्या सुट्टीत तू इथे यायचीस. परकर खोचून याच ओटीवर उभी राहून तू होडीची कविता म्हणायचीस, आणि तिसऱ्या कडव्याला हमखास अडखळायचीस. मी पुढचा शब्द सांगायचा नाही, नुसता हाताने ताल धरायचा. तालावर शब्द आपोआप यायचा. काय दिवस होते ते. शाळेच्या कौलांवर पाऊस, आत साठ पोरांचा एक सूर, आणि फळ्यावर खडूची पांढरी भुकटी.

असो. भरकटलो.

बाळ, तुझ्या रकान्याविषयी माझे मत असे की खोटे लिहू नये. घरगुती अडचण हे शब्द मला मुखवट्यासारखे वाटतात. सत्य सांगावे, पण सुंदर करून सांगावे. मी एक मसुदा केला आहे. ‘कालचक्राच्या विपरीत गतीमुळे, निष्कलंक सेवेच्या उत्तरार्धात, अज्ञात हातांनी केलेल्या अपराधाची काजळी प्रस्तुत अर्जदाराच्या शुभ्र पदरास लागली असता…’ अशा बारा ओळी आहेत. सोबत वेगळ्या कागदावर जोडल्या आहेत. पहिल्या वाचनात जड वाटतील, पण मोठ्याने म्हणून पाहा.

त्या देवळातल्या दिवसाविषयी तू लिहिलेस ते वाचले. त्यावर मी काय लिहू? काही दिवस दप्तराच्या तळाशीच राहू द्यावेत.

शिफारसपत्र अवश्य देईन. ते देण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

आईला म्हणावे, कोमट तेलात ओवा घालून गुडघ्यांना चोळ.

तुझा
गुरुदासमामा


वेंगुर्ले
२४ ऑगस्ट २००२

मामा,

मसुदा मोठ्याने म्हणून बघितला. आई आतून म्हणाली, “कोण गेला गो?”

रकाना दीड ओळीचा आहे. तुमची काजळी त्यात मावत नाही. ‘घरगुती अडचण’ लिहिलं आणि काल अर्ज देऊन आले. तुम्हाला आवडणार नाही हे माहीत आहे. पण खरं तीनदा सांगून झालं. तिसऱ्या ठिकाणचे मालक काय म्हणाले ते तुम्हाला कळवलं नव्हतं. म्हणाले, “तू केलंस असा मी म्हणनय नाय. पण देवान बोट दाखवल्यान त्या माणसाक कामार ठेवलंय तर माका लोक काय म्हणतले?” बरा माणूस आहे तो. म्हणून जास्त लागलं.

पुढल्या महिन्यात मुलाखत आहे. शिफारसपत्र थेट संस्थेकडे पाठवायचं, असा नियम आहे. पत्ता मागे लिहिला आहे. दोन ओळी, मामा. कविता नको.

जान्हवी


मिठबाव
२ सप्टेंबर २००२

चि. जान्हवी,

आजच शिफारसपत्र टपालात टाकले. दोन ओळी लिहाव्या म्हणून बसलो, पण हात राहिला नाही. तुझ्याविषयी दोन ओळींत आटोपणे मला जमले नाही. आयुष्यभर पोरांना निबंध लिहायला लावले, दहा ओळींखाली कोणी लिहिला तर छडी दाखवली, आता स्वतःच कसा आटोपू? तुझ्या बाजूने जे म्हणायला हवे ते सारे म्हटले आहे. वाचून दगडालाही पाझर फुटेल.

गेले कित्येक महिने छातीवर काहीतरी ठेवल्यासारखे होत होते, ते आज हलके वाटले. पोस्टातून परतताना खाडीच्या कडेने चालत आलो. बगळे ओळीने उभे होते, शाळा सुटण्याची वाट पाहणाऱ्या पोरांसारखे.

मुलाखतीला निळी साडी नेस. तुला शोभते.

गुरुदासमामा


वेंगुर्ले
२९ सप्टेंबर २००२

मामा,

मुलाखत झाली. सगळं लिहिते, तुमच्यासारखं सुंदर करून नाही.

टेबलामागे तीन बायका होत्या. मधल्या रुक्मिणीबाई, संस्थेच्या अध्यक्षा, साठीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. सुरुवात चांगली झाली. कोकमाच्या बरणीला बुरशी कशी ओळखाल, आधी आलेला माल आधी कसा काढाल, उंदीर लागले तर काय कराल. मी सांगत गेले. डाव्या बाजूच्या बाई म्हणाल्या, “हिका सगळा येता हां.” मला वाटलं, झालं काम.

मग रुक्मिणीबाईंनी विचारलं, “काजूचं काम का सोडलंत?”

मी म्हटलं, “घरगुती अडचण होती. आईचे गुडघे.”

“आता गुडघे बरे झाले?”

“झाले.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फाईलमधून एक पत्र काढलं. तीन पानी. तुमचं अक्षर मी उलट्या बाजूनेही ओळखते. त्यांनी वाचून दाखवलं, एकसुरी, बाजाराची यादी वाचावी तसं. ‘ज्या कन्येवर गाभाऱ्याच्या उंबऱ्यात चोरीचा आळ आला, ती शिंपल्यातल्या मोत्याइतकी निर्मळ आहे.’ उजवीकडच्या बाई वेंगुर्ल्याच्या बाजूच्या निघाल्या. पुढे वाकून म्हणाल्या, “मगे ही तीच? कौलातली? माझ्या नणंदेन सांगला होता माका.”

त्यांना काही माहीत नव्हतं, मामा. तुम्ही सांगितलंत.

मी उठायला लागले. रुक्मिणीबाई म्हणाल्या, “बसा.” मग म्हणाल्या, “आळाचं मी मनावर घेतलं नसतं. तक्रार नाही, पुरावा नाही. देवाचं देवापाशी. तुम्ही इथे सरळ लिहिलं असतंत, माझ्यावर संशय घेतला, चौकशी झाली नाही, काम सोडावं लागलं, तर मी हिला घ्या म्हणून भांडले असते. पण तुम्ही लिहिलंय घरगुती अडचण. उद्या माझ्या भांडारात तीन डबे कमी आले तर वहीत काय लिहाल? घरगुती अडचण?”

डावीकडच्या बाई हसल्या. वाईट हेतूने नाही, हसू आलं म्हणून हसल्या.

म्हणजे तीन ठिकाणी खरं सांगितलं म्हणून गेलं, चौथ्या ठिकाणी खोटं लिहिलं म्हणून गेलं. बाहेर येऊन एसटीसाठी दोन तास बसले. रडले नाही, डोकं दुखत होतं.

तुम्ही माझं वाईट व्हावं म्हणून लिहिलं नाहीत, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं. रुक्मिणीबाईंनी तेही वाचलं. ‘तो कौल मुळी पुरा झालेलाच नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.’

मी हात जोडून, डोळे मिटून उभी होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. गाऱ्हाणं घालणाऱ्याचे उघडे असतात. कौल पुरा झाला नव्हता हे तुम्हाला कसं माहीत? काय बघितलंत तुम्ही?

जान्हवी


मिठबाव
१० ऑक्टोबर २००२

चि. जान्हवी,

तुझे पत्र पोचले. माझ्या लेखणीने तुझा घास काढून घेतला, याचे दुःख मला किती झाले हे सांगायला शब्द नाहीत. मला तुझा बचाव करायचा होता. आजवर शाळेत कोणा पोराची कागाळी आली की मी आधी त्याची बाजू मांडत असे. सवय.

इथे पाऊस ओसरला. भात पिवळे पडू लागले आहे. परवा कपाट आवरताना जुने हजेरीपट सापडले. एकेक नाव वाचत बसलो. किती पोरे, किती आवाज. भाईचेही नाव होते त्यात. पाढ्यांत पक्का, कवितेत कच्चा. कविता म्हणायला उभा केला की खिडकीबाहेर बघायचा.

तू विचारलेस त्याविषयी सवडीने लिहीन. मन सध्या थाऱ्यावर नाही. रुक्मिणीबाईंना मी दुसरे पत्र लिहून सारा खुलासा करू का? तू म्हणशील तसे.

गुरुदासमामा


(पोस्टकार्ड)
वेंगुर्ले, १६ ऑक्टोबर

मामा, रुक्मिणीबाईंना काही लिहू नका. ती जागा भरली. मला लिहा. काय बघितलंत?
जा.


मिठबाव
३ नोव्हेंबर २००२

जान्हवी,

हे पत्र चारदा लिहिले आणि चारदा फाडले. प्रत्येक वेळी ते चांगले उतरत होते, म्हणून फाडले. आता जसे येईल तसे लिहितो.

भाईच्या गावच्या शाळेत मी सव्वीस वर्षे काढली, तेव्हापासून तिथले लोक मला गाऱ्हाण्याला बोलवत. माझा आवाज चांगला, शब्द हाताशी. माझ्या दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायला लोकांना रंगत येई. मलाही येई. हे आधी सांगतो, कारण पुढचे सारे यातून झाले.

त्या दिवशी महादू गुरवाने एकेक नावासाठी नव्याने पाकळ्या लावल्या. पहिल्या चौघांची गाऱ्हाणी मी दोन-दोन वाक्यांत संपवली. नाव, प्रश्न, पाकळी. तुझे नाव आले तेव्हा मला वाटले, हिच्यासाठी देवाला नुसते विचारायचे नाही, आळवायचे. मी तुझ्या वडिलांचे नाव घेतले. त्यांची होडी कशी परत आली नाही ते सांगितले. तुझ्या आईची टोपली सांगितली. लोक दर वाक्याला हुंकार देत होते. मग मी दर्याचा दाखला घेतला. जसा दर्या आपल्या पोटातले कधी ना कधी किनाऱ्यावर आणून टाकतो, इथपर्यंत आलो, आणि उजवी पाकळी पडली.

प्रश्न मी अजून विचारलाच नव्हता. तुझ्या हातून चोरी झाली का, हे शब्द माझ्या तोंडातून निघालेच नव्हते. पाकळी ओली असते, सुकली की गळते. मी फार वेळ बोलत राहिलो होतो, ती सुकली. प्रश्नाआधी पडलेली पाकळी धरायची नाही, पुन्हा ओली करून लावायची, हा नियम त्या देवळात लहान पोरालाही ठाऊक आहे. महादूने माझ्याकडे पाहिले. मी महादूकडे पाहिले. मी थांबायला हवे होते.

मी दाखला पुरा केला. मग प्रश्न विचारला. लोकांनी डोळे उघडले तेव्हा उजवी पाकळी खाली होती.

नंतर मी मनाला अनेक कारणे दिली. भाचीसाठी मास्तर कौल पुन्हा लावायला सांगतो असे लोक म्हणाले असते. भाई दुखावला असता. महादूच बोलेल असे वाटले. ही सगळी कारणे मागाहूनची आहेत. त्या क्षणी एकच होते. वाक्य जुळून येत होते आणि ते अर्धे सोडवत नव्हते.

मग तू पुढे झालीस आणि देवाला नमस्कार केलास, आणि माझ्याही पाया पडलीस.

गुरुदास


वेंगुर्ले
१२ नोव्हेंबर २००२

मामा,

पत्र दोनदा वाचलं. आईला सांगितलं नाही.

सुगंधा परवा भेटली. मी गेल्यावरही डबे कमी आले, गणपतीच्या आधी. या वेळी भाई देवळात गेले नाहीत. कुलूप बदललं आणि निवडीच्या खोलीला जाळी मारली. मी सुगंधाला म्हटलं, मग आता तरी माझ्याबद्दल कोणी काही बोललं का? ती म्हणाली, “कोण बोलतला? देवाचा बोलणा झाला मगे माणसान बोलूचा नसता.”

तेव्हा देवळात सांगितलेलं देवळातच पुसायला हवं. पुढल्या महिन्यात त्या देवळाची जत्रा आहे. दुपारी ओटी भरायला सगळा गाव येतो, भाईही असतात. तिथे उभे राहा आणि सांगा. महादूच्या समोर. पाकळी प्रश्नाआधी पडली, मी बघितलं, मी गप्प राहिलो. एवढी तीन वाक्यं. बापाची होडी नको, दर्या नको.

मला तुमच्यावर राग काढायचा नाही. मला कुठेतरी अर्ज करायचा आहे आणि तो रकाना भरायचा आहे.

जान्हवी


मिठबाव
९ डिसेंबर २००२

जान्हवी,

गेलो होतो.

दुपारी पोचलो. रांग सभामंडपाबाहेर गेली होती. भाई खांबापाशी खुर्चीवर होता, मला बघून उठला, पाया पडला. “मास्तर, इतक्या लांब एसटीन इल्यात? सांगला असतात तर गाडी धाडलंय असतंय.” मी म्हटले, मला चारचौघांत बोलायचे आहे. लोकांना वाटले गाऱ्हाणे घालणार. बायकांनी पोरांना गप्प केले. सगळे हात जोडून उभे राहिले.

मी तीन वाक्ये बोललो. तू सांगितलीस तीच. चौथे जिभेवर आले होते, ते गिळले.

कोणी हुंकार दिला नाही. लोक हात जोडून पुढच्याची वाट बघत होते. मग भाई म्हणाला, “महादू, काय रे?”

महादू ओट्या उचलत होता. म्हणाला, “माका काय याद नाय. माझी मान खाली होती.” माझ्याकडे त्याने पाहिले नाही. त्याच्या मुलाला भाईने कारखान्यात घेतले आहे, हे मला तिथे कळले.

मी म्हटले, “महादू, तू माझ्याकडे बघितलंस.” तो म्हणाला, “मास्तरांनू, तुमी मोठी माणसां. मी काय बोलूचा?”

रांगेतून कोणीतरी बोलले, “भाचयेसाठी देवाक खोटो पाडतत.” दुसरा म्हणाला, “गप रे, म्हाताऱ्याचा मन आसा.” मग एक बाई, मी तिला ओळखत नाही, कडेवर पोर होते तिच्या, तिने सरळ विचारले, “मगे इतके म्हयने खंय होतात, मास्तर?”

 

भाईने मला दंडाला धरून सावलीत बसवले, पाणी दिले. हळू आवाजात म्हणाला, “तुमचा वय झाला, मास्तर. ह्या सगळा मनार घेव नकात. तिका मी चोर म्हटलंय खंय?” गाडीने मला एसटी स्टँडपर्यंत सोडले. उतरताना ड्रायव्हरने एक पिशवी दिली, भाईंनी दिली म्हणून. काजूचा गर होता. अख्खा, पांढरा. मी ती हातात घेतली. परत करायला हवी होती हे एसटी कुणकेश्वरचा फाटा ओलांडून गेली तेव्हा सुचले. पिशवी शेजारच्या आसनावर ठेवून उतरलो.

तुला हवे होते ते झाले नाही. उलट आता तिथे असे म्हणतात की जान्हवीने म्हाताऱ्याला पढवून पाठवले.

आणखी काही करता येण्यासारखे असेल तर सांग.

गुरुदास


डिचोली, गोवा
२३ फेब्रुवारी २००३

मामा,

पत्राला उशीर झाला. जागा लागायची होती. इकडे डिचोलीजवळ काजूचा एक कारखाना आहे, तिथे लागले. आई सध्या सुगंधाच्या शेजारी राहते. पावसाआधी तिला आणीन.

इथेही अर्ज होता. रकाना नव्हता, बाईंनी तोंडी विचारलं, “आधी कुठे काम केलंय?” मी म्हटलं, कुठेच नाही, घरी होते. लिहून घेतलं. साडेतीन वर्षं एका शब्दात गेली. पण त्यामुळे काम का सोडलं ते मला कोणी विचारलं नाही.

तुम्ही देवळात गेलात, तीन वाक्यं बोललात, चौथं गिळलंत. मला ते बघायला हवं होतं. त्याने काही झालं नाही, ते तुमच्या हातात नव्हतं. कौलाच्या वेळचं मात्र होतं. दोन्ही मी लक्षात ठेवणार आहे, त्यातलं एकच ठेवायला मला जमत नाही.

पत्र लिहायचं तर लिहा. पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव मागे घालू नका. इथली एक बाई तुमच्याच देवगडकडची आहे, टपाल तीच वाटते. अक्षर मी ओळखीन.

काम सोलण्याचं आहे, सगळ्यात खालचं. निवडीच्या टेबलावर अनुभव असलेल्या बायका बसतात. आमच्यावर अक्षया म्हणून एक मुलगी आहे, वीसेक वर्षांची, स्वभावाने चांगली. पहिल्या दिवशी माझ्याजवळ बसून तिने एक गर हातात धरून दाखवला. “हो अख्खो. हो तुकडो. हो डागी, हो बाजूक काढपाचो. कळ्ळें मगो?” मी म्हटलं, कळलं. सुरी कशी धरायची तेही तिने दाखवलं. मी बघितलं.

मग कामाला लागले, आणि थोड्या वेळाने शेजारची बाई थांबून माझ्याकडे बघायला लागली. माझी टोपली तिच्या दुप्पट भरली होती. ती म्हणाली, “अगो, तूं खंय शिकलें हें?”

मी म्हटलं, आत्ताच, अक्षयाने दाखवलं ना. तेव्हापासून मी हात सावकाश चालवते. एखादा गर मुद्दाम मोडते. अक्षया म्हणते, हळूहळू येईल.

जान्हवी